शेरा

यंदा दिवाळीच्या आधी सांगलीच्या घरातला माळा आवरत असताना एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत माझी दहावी-बारावीची प्रमाणपत्रे, चौकटीतून काढून घेतलेला बाबांचा फोटो आणि दोनशे पानांची एक वही सापडली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आमच्या उंबऱ्यावरून आत आले, तेव्हा आईने हाताला लागेल ते माळ्यावर टाकले होते. गाद्या गेल्या, अल्बम गेले, बाबांनी वर्षानुवर्षे जमवलेले दिवाळी अंक फुगून विटांसारखे झाले. ही पिशवी मात्र वाचली. वहीत शाळेच्या हजेरीपटासारखे उभे रकाने आखलेले होते: अनुक्रमांक, नाव, जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, रास, जुळलेले गुण आणि शेवटचा, सर्वांत रुंद रकाना शेऱ्याचा. आई ३६ वर्षे प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, आणि ज्याच्यापुढे शेरा मारता येत नाही अशी गोष्ट तिच्या लेखी अस्तित्वातच नसते. ती माझ्या स्थळांची वही होती. २००४ ते २०११, एकूण ४३ स्थळे.

मी माळ्याच्या शिडीवर तशीच बसून ती वाचत राहिले. केसांत जळमटे अडकली होती, खालून आई भाजणीचे धान्य निवडता निवडता विचारत होती की वर झोपलीस की काय, आणि मी एकटीच हसत होते. ‘उंची पाच-सात सांगतात, फोटोवरून वाटत नाही.’ ‘घर स्वतःचे, पण जिना अंधारा.’ ‘आई सगळे बोलते, मुलगा काहीच बोलत नाही.’ ‘गुण २८, परंतु मुलाने चहा बशीत ओतून प्यायला.’ निळ्या शाईत माहिती आणि लाल शाईत शेरा, प्रत्येक शेऱ्याखाली तारीख. मग ३१ व्या क्रमांकापाशी आले. मुलगा नाटकांची प्रकाशयोजना करतो, बाकी ‘नोकरी अशी नाही’. रास लिहिलेली, गुण लिहिलेले, आणि शेऱ्याच्या रुंद रकान्यात केवळ दोन वाक्ये: ‘तिला आवडेल. मला नाही.’

हे स्थळ माझ्यापर्यंत कधी आलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, चहा पिताना फोनवर बातमी दिसली की अभिनेत्री डायान कीटन आदल्या दिवशी, ११ ऑक्टोबरला, ७९ व्या वर्षी वारली. तिच्याबद्दल लिहिणारे सगळे जण ‘ॲनी हॉल’बद्दल, त्या चित्रपटासाठी मिळालेल्या ऑस्करबद्दल, पुरुषी टोप्या आणि टायबद्दल लिहीत होते, आणि ते योग्यच होते. मला मात्र तिचा आठवला तो २००७ चा ‘बिकॉज आय सेड सो’, म्हणजे आपल्या भाषेत ‘मी सांगते म्हणून’. समीक्षकांनी झोडपलेला हा चित्रपट. त्यातल्या अभिनयासाठी तिला त्या वर्षीच्या सर्वांत वाईट अभिनेत्रीच्या गोल्डन रास्पबेरीचे नामांकन मिळाले होते. पुण्यात आम्ही तिघी मैत्रिणी भाड्याच्या घरात राहत होतो, तेव्हा कुणीतरी त्याची डीव्हीडी आणली होती. त्या दोघी हसून लोळत होत्या आणि मी उशी पोटाशी धरून बसले होते, कारण पडद्यावर जे विनोद म्हणून चालले होते ते माझ्या घरी महिन्याभरापूर्वीच होऊन गेले होते.

गोष्ट अगदी साधी आहे. डॅफ्नी नावाच्या बाईने तीन मुलींना एकटीने वाढवले आहे. ती साठीला टेकली आहे, केक करण्यात तिचा हातखंडा आहे, थोरल्या दोघी मार्गी लागल्या आहेत आणि धाकटी मिली, जी मेजवान्यांच्या जेवणाची कामे घेते, ती वारंवार चुकीच्या पुरुषाच्या प्रेमात पडते. म्हणून आई मुलीच्या नकळत इंटरनेटवर मुलीसाठी जाहिरात देते आणि एका हॉटेलात टेबल अडवून येणाऱ्या एकेका उमेदवाराची मुलाखत घेते. विक्षिप्त, घामेजलेले, बढाईखोर पुरुष एकामागून एक तिच्यासमोर बसतात आणि उठून जातात. हा प्रसंग मला तेव्हाही जमलेला वाटला होता आणि आजही वाटतो, कारण आपल्याकडचे कांदेपोहे त्यात उलटे केलेले आहेत. पोह्यांची बशी घेऊन कुणी बाहेर येत नाही; मुलगेच तपासले जातात, तपासणारी आईच असते आणि जिचे लग्न ठरवायचे ती मुलगी तिथे नसतेच. खरे सांगायचे तर आमच्या घरच्या बैठकांत मी समोर बसलेली असूनही माझी उपस्थिती साधारण तेवढीच असायची. शेवटी आईच्या पसंतीस एक आर्किटेक्ट उतरतो. त्याच हॉटेलात गिटार वाजवणारा एक तरुण हा सारा तमाशा पाहत असतो. तो तिच्याशी बोलायला येतो, तिला हसवतो, आणि ती त्याला तिथल्या तिथे नापास करते. पुढे तो आपणहून मिलीला जाऊन भेटतो, मिली दोघांबरोबर फिरू लागते आणि जे व्हायचे ते होते.

चित्रपट चांगला आहे असे मी म्हणणार नाही. सगळ्या बायका एकाच वेळी बोलतात, घरे दुकानाच्या काचेतल्या मांडणीसारखी दिसतात, केक कुणाच्या तरी अंगावर पडणार हे केक दिसताक्षणी कळते, आणि आई-मुलीच्या काही संभाषणांत मोकळेपणाच्या नावाखाली जे घडते त्याने आपणच मान खाली घालतो. डायान कीटनसारखी बाई हातवारे आणि किंकाळ्या यांत वाया गेली आहे. मध्येच डॅफ्नीचा आवाज बसतो, तेव्हा प्रेक्षकांनाही हायसे वाटावे असा तो प्रकार आहे. परंतु या सगळ्या गोंगाटात एक गोष्ट खरी उतरली आहे. गिटारवाल्याला नकार देताना त्या आईच्या चेहऱ्यावर तिरस्कार नसतो. तो मुलीला आवडेल हे तिने ओळखलेले असते, आणि तिला भीती वाटते ती नेमकी त्याचीच. तिने स्वतः जी चूक केली असे तिला वाटते, ती मुलीने करू नये म्हणून ती धावते आहे. २००८ मध्ये उशी पोटाशी धरून बसलेल्या मला हे अजिबात दिसले नव्हते. तेव्हा मला फक्त टेबल अडवून बसलेली एक आगाऊ बाई दिसली होती.

महिन्याभरापूर्वी जे होऊन गेले होते, ते असे. एका विवाह मंडळाच्या संकेतस्थळावर आईने माझे नाव नोंदवले होते आणि ते तिने मला सांगितलेही होते, त्यामुळे त्यात लपवाछपवी नव्हती. माझे छंद ‘वाचन, भरतकाम, पाककला’ असे लिहिल्याचे पाहून मी फोनवर भांडले होते. त्यावर तिने शांतपणे सांगितले की भरतकाम सातवीत केलेच होतेस. सांगायचे तिने टाळले ते पुढचे. नागपूरच्या एका मुलाने संकेतस्थळावरून निरोप पाठवला आणि आईने त्याला माझ्या नावाने उत्तर दिले. घरी संगणक नव्हता. ती दर गुरुवारी भाजी आणायला म्हणून निघे, कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन बसे आणि तिथल्या पोराला मजकूर सांगे. तिच्याच जुन्या विद्यार्थ्यांपैकी तो एक होता, त्यामुळे ‘नाही’ म्हणायची त्याची प्राज्ञा नव्हती. तो रोमन अक्षरांत मराठी टंकत असे आणि ती मागे उभी राहून, त्या अक्षरांतसुद्धा, ऱ्हस्व-दीर्घ तपासत असे. असे तीन महिने चालले.

मग तो मुलगा कंपनीच्या कामासाठी पुण्याला आला आणि आईने मला फोन करून सांगितले की एक जण भेटायला येईल, जरा नीट बोल. डेक्कनवरच्या एका उडप्याच्या हॉटेलात आम्ही भेटलो. तो सावळा, किंचित स्थूल, अत्यंत सभ्य असा मनुष्य होता. कॉफी यायच्या आधीच तो म्हणाला, “तुमचं ते पुराचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.” मी म्हटले, “कोणतं पत्र?” तो हसला, त्याला माझा विनय वाटला असावा. मग त्याने २००५ च्या पुरात वर्गातल्या मुलांच्या पाट्या कशा तरंगत होत्या याचे वर्णन केले, जे माझेच होते असे त्याचे म्हणणे होते. कैरीच्या लोणच्यात मेथी किती भाजावी यावरच्या परिच्छेदाची आठवण काढली. आणि शेवटी जरा संकोचून विचारले की संध्याकाळी एकटं बसलं की घड्याळाचा आवाज मोठा होतो असं तुम्ही लिहिलंत, तर पुण्यात एवढ्या मैत्रिणींबरोबर राहूनही तुम्हाला तसं वाटतं का?

माझ्या खोलीत घड्याळ नव्हते. सांगलीच्या घरात होते, बाबांचे, लंबकाचे.

मी त्याला खरे ते सांगून टाकले. तो काही क्षण गप्प राहिला, मग इतक्या मोठ्याने हसला की शेजारच्या टेबलावरची माणसे वळून पाहू लागली. बिल त्याने दिले. निघताना म्हणाला, “काकूंना सांगा, पत्रं फार छान होती. मी थांबवली असती तर बरं, पण मलाच वाचायची सवय लागली होती.” त्या रात्री मी आईला फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही. तिने सगळे ऐकून घेतले आणि शेवटी एवढेच विचारले की त्याला पत्रे आवडली का. मी फोन आपटला. हे स्थळ वहीत २६ व्या क्रमांकावर आहे आणि त्याच्यासमोर लाल शाईत लिहिले आहे: ‘मुलगा उत्तम. मीच बिघडवले.’ १७ वर्षे मी हा किस्सा मित्रमंडळींत विनोद म्हणून सांगत आले, तो सांगण्यात तरबेज झाले, आणि घड्याळाच्या वाक्यापाशी नेमका मोठा हशा यावा म्हणून तिथे किंचित थांबायलाही शिकले. बाबा २००३ मध्ये गेले आणि वहीतली पहिली नोंद २००४ मधली आहे, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहायला मला माळ्याची शिडी चढावी लागली.

३१ व्या क्रमांकाबद्दल मात्र हसू येईना. बाबा सहकारी बँकेत कारकून होते आणि संध्याकाळी साडेसहानंतर ते कुणाचेच नसत. सांगलीत नाटकाचे वेड असण्यासाठी वेगळे कारण लागत नाही; विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथे पहिले नाटक केले आणि त्यासाठीही गोष्ट निवडली ती सीतास्वयंवराची, म्हणजे आमच्या गावात रंगभूमीचा आरंभच मुलीचे लग्न जमवण्यापासून झाला. बाबा राज्य नाट्य स्पर्धेतल्या हौशी नाटकांत कधी छोटी भूमिका करत, कधी विंगेत वही घेऊन उभे राहून प्रॉम्प्टिंग करत. थंडीच्या दिवसांत तालमी वाढत. मी सात-आठ वर्षांची असताना ते मला खांद्यावर बसवून तालमीच्या हॉलवर नेत. बटाटेवड्याचा, घामाचा आणि गरम झालेल्या दिव्यांवरच्या धुळीचा असा एक वास तिथे असे, जो मला अजूनही कोणत्याही नाट्यगृहात शिरले की आधी आठवतो आणि मग येतो. परतायला साडेअकरा-बारा होत. मी झोपलेली असे, बाबा संवाद पुटपुटत चालत, आणि दार उघडताना आई काहीच बोलत नसे. पानावर ताट झाकलेले असे. तो आवाज मात्र लख्ख आठवतो: ताटावरचे ताट उचलले जाण्याचा, आणि नंतर कढी पुन्हा गरम करण्यासाठी स्टोव्हला पंप मारण्याचा.

आई हुशार वाचक आहे. माणसे वाचण्यात तर फारच. प्रकाशयोजना करणारा, मिळकतीचा भरवसा नसलेला, बहुधा रात्री उशिरा येणारा तो मुलगा मला आवडेल हे तिने कागदावरून ओळखले. तिचे चुकलेही नसावे. आणि ‘मला नाही’ हे लिहिताना तिच्यासमोर तो मुलगा कितपत होता, हे मी ठरवू शकत नाही. आई-बाबांचे लग्न दुःखी नव्हते, निदान मला तसे कधी दिसले नाही. ते गेल्यावर तिने लंबकाचे घड्याळ बंद पडू दिले नाही. आजही शनिवारी चावी देते. पण ज्याच्यावर लेकीने जीव टाकला त्याची वाट पाहत ज्या बाईने २५ वर्षे कढी गरम केली, तिला त्या दोन वाक्यांत पूर्णविराम देऊन थांबण्याचा अधिकार नव्हता असे म्हणायला माझी जीभ वळत नाही. आणि तरी राग येतो. ४६ व्या वर्षी, एकटी, आपल्या घरात, आपल्या पगारावर बऱ्यापैकी सुखात जगणाऱ्या बाईला, कधी न पाहिलेल्या मुलाबद्दल राग येतो, हे हास्यास्पद आहे हे मला कळते. तो माझ्यासाठी कुणीच नव्हता. पण मला विचारायला हवे होते.

डायान कीटनचे मूळ आडनाव हॉल. कीटन हे तिच्या आईचे माहेरचे नाव, जे तिने रंगभूमीवर आल्यावर घेतले. आई डॉरथी तरुणपणी ‘मिसेस लॉस एंजेलिस’ झाली होती, म्हणजे उत्तम गृहिणींच्या स्पर्धेत जिंकली होती, आणि आयुष्यभर तिने रोजनिशा लिहिल्या. त्या ८५ वह्यांच्या आधाराने मुलीने २०११ मध्ये आपले आत्मकथन लिहिले, त्यात आईचा आवाज आणि स्वतःचा आवाज आळीपाळीने ठेवला. ज्या काळात ती पडद्यावर मुलीच्या आयुष्यात नाक खुपसणारी, एकही शब्द न गिळणारी आई साकारत होती, त्या काळात तिची स्वतःची आई स्मृतिभ्रंशाने शब्द गमावत चालली होती. २००८ मध्ये ती गेली. स्वतः डायानने लग्न केले नाही. पन्नाशीत तिने आधी एक मुलगी आणि पुढे एक मुलगा दत्तक घेतला. मी हे सगळे आईला सांगितले, तेव्हा तिने हातातली सुपली थांबवली. “लग्नच केलं नाही? मग लेकीच्या लग्नाची एवढी घाई झालेली आई तिला बरोबर जमली असणार,” ती म्हणाली. “ज्यांची झालेली असतात त्यांना कसली घाई.”

म्हणून त्या रविवारी रात्री मी लॅपटॉप स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला आणि आम्ही तो चित्रपट पाहायला बसलो. इंग्रजी तिला वाचता येते, बोलणे वेगाने जाते, म्हणून मी अधूनमधून सांगत होते. मुलाखतींच्या प्रसंगाला ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. “ही बघ कशी, टिपून ठेवत नाहीये काही,” ती म्हणाली. “इतके येऊन गेल्यावर लक्षात कसं राहणार हिला?” वही माझ्या पिशवीत होती, दाराच्या मागे, तिच्यापासून चार हातांवर. मी तिला सांगू शकले असते की ज्यांनी टिपून ठेवले त्यांच्याही काही लक्षात राहते असे नाही. मी म्हटले, “हो ना.” गिटारवाला आला तेव्हा ती पुढे सरकली. तो एकटा बाप आहे, लहान मुलाला वाढवतो आहे, हे मी सांगताच तिने कपाळावर हात मारला. “बिजवर! आणि वर पोरगा.” पण तो मुलगा आणि त्याचे आजोबा पडद्यावर आले की ती हसू लागली, आणि त्या आजोबांचे व डॅफ्नीचे काहीतरी जुळते आहे असे दिसू लागल्यावर तिने पदर नीट केला आणि काहीच बोलली नाही. मी तिच्याकडे पाहिले नाही. थोड्या वेळाने पाहिले तेव्हा ती भिंतीला टेकून झोपली होती, मांडीवर सुपली, बोटांना जिऱ्या-धन्याचा वास. मी आवाज बंद केला आणि उरलेला चित्रपट तसाच, मुक्याने, शेवटपर्यंत पाहिला. बाहेरच्या खोलीत घड्याळाचा आवाज मोठा होता.

मग मी पिशवीतून वही काढली, माळ्याची शिडी पुन्हा लावली आणि ती प्रमाणपत्रांच्या खाली, होती तशी ठेवून दिली.

सकाळी उठले तेव्हा स्वयंपाकघर भाजणीच्या वासाने भरून गेले होते. आई कढईसमोर उभी राहून चण्याची डाळ परतत होती, तिने मागे वळून पाहिले नाही.

“शेवटी कोण?” तिने विचारले. “घरं बांधणारा की गिटारवाला?”

“गिटारवाला.”

“वाटलंच मला,” आई म्हणाली, आणि तिने गॅस थोडा बारीक केला.